हार्ट फेल्युअर: व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घेणारं कुणी सुचवाल का?

अनघा_मुलुंड
बाबा ६८ वर्षांचे, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के. पायांना सूज आणि दम लागला म्हणून ॲडमिट होते, आता औषधांवर बरे आहेत. डॉक्टरांनी कार्डियाक रिहॅब (हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम) सांगितलंय, पण सेंटर परळला. आठवड्यातून तीनदा लोकलच्या गर्दीतून त्यांना कसं नेणार? घरून फिजिओथेरपी घेतली तर चालेल का? बाबा तर जिना चढायलाही घाबरतात.

निवांत_दादर
अनघाताई, आमच्या आईचं असंच केलं. पण पहिली भेट प्रत्यक्ष हवीच. ईसीजी, बीपी आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी झाल्यावरच तिचा व्यायाम ठरला. न तपासता थेट पॅकेजचे पैसे मागणाऱ्यांना नाही म्हणा. सुरुवातीला सगळं खुर्चीत बसूनच होतं, मग घरातल्या घरात चालणं. कॉल चालू असताना घरात कुणीतरी थांबा.

फिजिओ_गिरगाव
बाबांची भीती मी रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते. २००९ साली हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरच्या एचएफ-ॲक्शन या संशोधन चाचणीचे निष्कर्ष आले. २,३३१ रुग्ण होते आणि देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला. घरून करण्याबद्दल पोलंडची टेलिरेह-एचएफ चाचणी आहे, ८५० रुग्णांची. पहिला आठवडा रुग्णालयात, पुढचे आठ घरी. रुग्णांची ताकद आणि जगण्याची गुणवत्ता सुधारली, पण रुग्णालयाबाहेरचे दिवस वाढले नाहीत. तेव्हा 'पुन्हा ॲडमिट व्हावंच लागणार नाही' अशी हमी कुणी दिली तर विश्वास ठेवू नका. जिना धीराने चढता येणं हीसुद्धा मोठी कमाई आहे.

बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी) चालू असेल तर घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, ती दबलेलीच असते. व्यायाम करताना बाबांना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवलंय का?

अनघा_मुलुंड
नाही बसवलं. लघवीची गोळी मात्र आहे. संध्याकाळी व्यायाम केला तर?

फिजिओ_गिरगाव
चालेल, पण जेवल्यावर लगेच नको. आणि उकाड्यात पंख्याखालीच. गोळी आणि घाम दोन्ही मिळून बीपी उतरतं. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने वाढवू नका.

निवांत_दादर
परळच्या सेंटरलाच विचारा ना, पहिली तपासणी तिथे आणि बाकी कॉलवर करतील का. आम्हाला तसंच जमवून दिलं होतं.