आईच्या गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइन द्यावं का?

मेघा_नाशिक:
आई ६४ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत, ऑस्टिओआर्थरायटिस. जिना उतरताना नुसती कळवळते, खाली बसणं तर कधीच सुटलं. शेजारच्या काकूंनी ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या सांगितल्यात, गुडघ्यात वंगण तयार होतं म्हणे. गोळ्या महाग आहेत. कोणाला खरंच फरक पडलाय का? आई पक्की शाकाहारी, बीपीची गोळी चालू आहे.

सुनीताताई:
माझ्या सासूबाई घेतात गं, बरं वाटतं म्हणतात. पण सोबत शेकणं, मलम, चालणं सगळंच चालू आहे, मग श्रेय कोणाला द्यायचं ते तूच सांग 😄

फिजिओवाला:
अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला, जवळपास १६०० पेशंट, रोज १५०० मिग्रॅ ग्लुकोसामाइन आणि १२०० कॉन्ड्रॉइटिन. नकली गोळी (तुलनेसाठी दिलेली, आत औषधच नसलेली) घेणाऱ्यांतही १०० पैकी ६० जणांचं दुखणं कमी झालं आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत साधारण ६७, म्हणजे छाती ठोकून सांगावं असा फरक नाही. जास्त दुखणाऱ्या गटात थोडा फायदा दिसला होता, पण तो गट लहान होता. वंगणबिंगण विसरा. आणि शाकाहारी असाल तर डबी वाचाच, ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, कॉन्ड्रॉइटिनही प्राण्यांच्या कूर्चेतूनच येतं.

मेघा_नाशिक:
अरे देवा, खेकडा! आई डबीला हातसुद्धा लावणार नाही 😂 मग करायचं काय? आणि हळदीच्या कॅप्सूल?

फिजिओवाला:
मांडीचे स्नायू. पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, ५ सेकंद धरायची, सोडायची. १०-१० वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले काही दिवस कुरकुर करतील, करू द्या. वजन जास्त असेल तर १ किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार ४ किलोने हलका होतो, हे कुठल्याच गोळीत मिळत नाही.
हळदीने काहींना थोडा आराम पडतो. पण कॅप्सूलमध्ये शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्क घालतात आणि अशा जास्त डोसने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. वरण-भाजीतल्या हळदीचं टेन्शन नको.

सुनीताताई:
आणि घरात कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको हं. वॉरफरिनवर असलेल्यांना ग्लुकोसामाइनने रक्त आणखी पातळ होऊ शकतं.