कुंडीतून वीज, बुरशीपासून इंधन: यात खरं किती?

मातीमोल: कुंडीत तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खोचला, मल्टिमीटरवर ०.८ व्होल्ट दिसले. एलईडी मात्र लागत नाही. अशा पुष्कळ कुंड्या जोडल्या तर घरापुरती वीज मिळेल का? बुरशीवर चालणारी बॅटरी निघाल्याचंही वाचलं. खरंच काही आहे, की नुसता गाजावाजा?

किण्वन: ते ०.८ व्होल्ट झाडाचे नाहीत, जस्ताचे आहेत. खिळा झिजतोय, त्याची ती वीज. रोप काढून नुसत्या ओल्या मातीत खोचून बघा, आकडा फारसा हलणार नाही.

झाडाची वीज हवी तर दोन्ही इलेक्ट्रोड, म्हणजे मातीत खोचायची वीज वाहणारी टोकं, कार्बनचे घ्या. एक मुळांपाशी चिखलात, जिथे हवा पोचत नाही. दुसरा वर, हवा लागेल असा. मुळांतून साखर आणि आम्लं झिरपतात, जिवाणू ती खातात आणि इलेक्ट्रॉन कार्बनवर सोडतात. नेदरलँड्सच्या वागेनिंगन विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. पण घर यावर चालणार नाही. पीक उन्हातली साधारण १ टक्काच ऊर्जा साठवतं आणि मुळांवाटे त्यातलीही थोडीच बाहेर येते. चांगलं सोलर पॅनेल २० टक्के देतं.

पानोपानी: आणि बुरशीची बॅटरी?

किण्वन: स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केली. एका बाजूला यीस्ट, दुसऱ्या बाजूला लाकूड कुजवणारी बुरशी. तापमानाचा सेन्सर काही दिवस चालतो, तेवढंच. शेतात ठेवायच्या सेन्सरला ते पुरेसं आहे.

पण बुरशीचं खरं बळ विजेत नाही, पचनात आहे! मी एन्झाइमवर, म्हणजे पदार्थ फोडणाऱ्या प्रथिनांवर, काम करते. ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचं एन्झाइम टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन त्यात गाळणकागदाची पट्टी टाकायची, ५० अंशांवर तासभर ठेवायची. पट्टीच्या कडा विसविशीत होतात, हलवलं की तंतू सुटतात आणि पाण्यात ग्लुकोज उतरलेलं असतं. कागदाची साखर! दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड हीच बुरशी खात होती. आज तिच्या एन्झाइमने पेंढ्यातला सेल्युलोज, म्हणजे कागद-कापसात असतो तोच तंतू, साखरेत फोडून इथेनॉल करतात.

पानोपानी: मग पेंढ्याचं इथेनॉल स्वस्त का नाही?

किण्वन: लिग्निनमुळे, म्हणजे लाकूड-पेंढ्याला कडक करणाऱ्या द्रव्यामुळे. ते सेल्युलोजला घट्ट वेढून बसतं, म्हणून आधी वाफेने किंवा आम्लाने पेंढा मोकळा करावा लागतो. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशी लिग्निन खातात, पण आठवडेच्या आठवडे लावतात आणि थोडी साखरही फस्त करतात. त्यात पेंढ्यातली झायलोज साखर साध्या यीस्टला आंबवता येत नाही. माझ्या मते पैसा आणि डोकं इथे लावायला हवं, कुंड्यांमध्ये नाही.

मातीमोल: तरी एक कुंडी करून बघतोच. काय सांभाळू?

किण्वन: जरूर करा. माती कायम पाण्याने भरलेली ठेवा. सुरुवातीला आकडा जवळपास शून्य असेल; कार्बनवर जिवाणूंचा थर बसायला काही आठवडे जातात. आणि नुसते व्होल्ट बघू नका. मध्ये १००० ओहमचा रोध लावून त्यावर मोजा, म्हणजे किती वॅट निघतात ते कळेल.