सत्ता हातात आली की माणूस बदलतोच का?

प्रश्न (देवगड तालुका):
गेल्या वर्षी ग्रामपंचायतीत निवडून आले. ज्या बायांबरोबर विहिरीवर रांगेत उभी राहायचे, त्या आता जपून बोलतात. परवा एक म्हातारी नळाची तक्रार घेऊन दारात आली. मी म्हटलं, "उद्या ऑफिसात या." ती गेली, मला रात्रभर झोप नाही.

उत्तर १:
मधू दंडवते आठवा. आपल्या राजापुरातून १९७१ पासून पाच वेळा खासदार. आणीबाणीत तुरुंगात होते, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी फोमच्या गाद्या आणल्या. खुर्चीवर बसूनही त्यांना बाकावरच्या माणसाची पाठ आठवली, मला हेच फार मोठं वाटतं. १९९१ ला हरले, तरी साधेपणा सुटला नाही. माणूस बदलतोच असं नाही.

उत्तर २:
गो बाय, तिका ऑफिसात कित्याक बोलवतंस? तूच तिच्या खळ्यात जा.

प्रश्नकर्ती:
आज सकाळी गेले. नळाचा वॉशर गेला होता. चहा घेतल्याशिवाय तिने सोडलं नाही.