अर्कम असायलम संपवला, आता अर्कम सिटी घेऊ का?

रात्रपाळीवाला:
काल पहाटे तीनला बॅटमनचा २००९चा गेम, असायलम, एकदाचा संपवला. सिटी हा त्याचाच पुढचा भाग. शेवटी जोकरने पोपट केला राव. एवढा डोकेबाज खलनायक आणि शेवटच्या लढतीत टायटन नावाचं ताकदीचं औषध टोचून नुसता फुगलेला पैलवान! पण भीतीचे भास घडवणाऱ्या स्केअरक्रोने मात्र फाडली. त्याच्याशी तिसऱ्या वेळी गाठ पडली तेव्हा स्क्रीन गंडली आणि गेम पहिल्यापासून सुरू झाला. मला वाटलं ग्राफिक कार्ड गेलं, बटण दाबून पीसीच बंद केला. गेमनेच मुद्दाम केलेलं असतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सिटीत असं काही आहे, की नुसता मोठा नकाशा?

छपरावरचा:
असली भीती नाही, पण उडायला मिळतं. असायलममध्ये केप होती, जागा कुठे होती? इथे छपरावरून सूर मारायचा, जमीन जवळ आली की केप उघडून पुन्हा वर. मी तासभर कथा सोडून तेवढंच करत होतो. आणि सगळं गोठवणाऱ्या मिस्टर फ्रीझशी लढत! एक युक्ती त्याच्यावर एकदाच चालते. जमिनीतल्या जाळीतून एकदा धरलात, की पुढच्या वेळी तो जाळ्याच गोठवतो. पैलवानाची भरपाई तिथे होते.

जुनाजाणता:
माझं मत असायलमलाच. एक बेट, एक रात्र. सुरुवातीला बंद दिसलेली वाट नवं हत्यार हाती आल्यावर उघडते, ती मजा मोकळ्या शहरात पातळ होते. कोडी घालणारा खलनायक रिडलर, त्याची २४० कोडी मी एकूणएक सोडवली होती. सिटीत कॅटवुमन होऊन सोडवायची धरून ४४०. निम्म्यावर नाद सोडला. शिवाय बॅटमनच्या अंगात जोकरचं विषारी रक्त, मरायला टेकलाय, आणि आपण रिडलरची हिरवी प्रश्नचिन्हं गोळा करत हिंडतोय. पटतं का?

रात्रपाळीवाला:
जुनाजाणता, स्पॉयलर!! निदान आधी सांगायचंत तरी.

जुनाजाणता:
अहो, २०११चा गेम आहे. बरं, चुकलं. आणि ते सुरुवातीलाच कळतं.

छपरावरचा:
घेतलात तर कोर्टाच्या तळघरात कैदेत असलेल्या कॅलेंडर मॅन या खलनायकाला भेटा. हॅलोवीनसारख्या ठरावीक १२ दिवशीच तो त्या दिवसाची गोष्ट सांगतो. वर्षभर थांबायची गरज नाही, पीसीची तारीख बदला.

रात्रपाळीवाला:
घेतला. डाउनलोड लावून कामावर निघालोय. तारीख मात्र बदलणार नाही, हॅलोवीनला रजा टाकतो.