गोतावळा सांभाळणारं माणूस

वळचण
काल माळा आवरताना पत्रांची तार सापडली. खाली लाकडाची चकती, वर आकडा, मधे ओवलेली पोस्टकार्डं. निम्म्यांवर आत्याचं अक्षर. वर मधोमध 'श्री', मग 'चि. नानास अनेक आशीर्वाद', आणि जागा संपली की समासात उभं, तिथून पत्त्याच्या डोक्यावर. एका कार्डावर एवढंच होतं: 'धाकटीला आठवा लागला, हातानी काही उचलू देऊ नका, मी येते.'

आत्या मिरजेची. आमची माणसं बेळगाव, हुबळी, पुणे, पंढरपूर अशी पांगलेली. तेव्हा मिरजेला तिन्ही प्रकारचे रूळ होते. पुण्याकडची ब्रॉड गेज, बेळगावकडची मीटर गेज, पंढरपूरकडची नॅरो गेज. गाडी बदलल्याशिवाय सुटका नाही, आणि आत्याला आधी कार्ड टाकल्याशिवाय कुणी निघायचं नाही. ती फलाटावर हजर असायचीच. पितळी डब्यात दशम्या, लसणीची चटणी, घट्ट दही. डबा रिकामा परत द्यायचा नाही असा तिचा नियम होता. त्यामुळे बेळगावचा कुंदा पुण्याला आणि पंढरपूरचा बुक्का हुबळीला तिच्याच हातून पोचायचा.

बाबा आणि काका बरीच वर्षं बोलत नव्हते. आत्याने दोघांना वेगवेगळी कार्डं टाकली, तारीख एकच. फलाटावर एका बाकावर बसवलं, दोघांत मिळून एकच डबा दिला आणि "दूध उतू जाईल" म्हणत घरी निघून गेली. बाबा हे सांगताना दर वेळी थांबायचे.

काल त्या तारेजवळ बसून खूप रडले. तुमच्या घरी असं कोण होतं? लिहा ना.

चाफेकळी
दूध उतू जाईल 😭 अगं काय बाई होती ही

लाल माती
आमचे अप्पाकाका. गणपती मूळ घरात एकच, बाकी कुणी वेगळा आणायचा नाही. कोकण रेल्वे सगळी सुरू झाली १९९८च्या २६ जानेवारीला, त्याआधी मुंबईहून येणारे सगळे एसटीने. गाड्या पहाटे तीन, साडेतीन, कधीही यायच्या. अप्पा फाट्यावर बत्ती घेऊन उभे. भर पावसात, डोक्यावर इरलं. शेवटचं कुटुंब उतरेपर्यंत घरी यायचे नाहीत. पडवीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायचे, आलेल्या माणशी एक. विसर्जनाच्या दिवशी मोजायचे आणि जो आला नाही त्याला तिथल्या तिथे पत्र. 'देव वाट बघून गेला.' एवढंच. पुढच्या वर्षी तो माणूस येणार म्हणजे येणार.
भिंतीला रंग दिला तेव्हा तेवढा तुकडा मी सोडायला लावला.

अबोली
वळचण, दशमी म्हणजे दुधातली ना? की ताकातली? माझी आजी गुळाची करायची, मला जमत नाही, चामट होते.

पत्रमित्र
मिरज ४१६४१०! मामाला पत्रं लिहून पाठ झालेला. यावरून आठवलं, पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला, आणि तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतात कविता करणारे. पहिला अंक विभागाचा. आपला ४.

माळवा
इंदूरचाही ४च आहे हो, ४५२ 🙂
इकडे आमची पाचवी पिढी. आजीची मोठी बहीण, सगळे माई म्हणायचो. दर दिवाळीला देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, सगळीकडे तिचं पत्र आणि उत्तर मराठीतच हवं. हिंदीत लिहिलं तर तेच पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत यायचं, सोबत पोरासाठी दोन रुपयांची नोट. मी आज हे मराठीत लिहितोय ते तिच्यामुळे.

आठ बारा लोकल
२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी दादरला अडकलेले, नवरा साकीनाक्याला, मुलगा शाळेत. मोबाईल लागेनात. डोंबिवलीच्या मावशीचा लँडलाइन तेवढा चालू होता. तिने वाण्याची वही पुढे ओढली आणि आमची सगळी नावं एकाखाली एक लिहिली. ज्याला कुठे फोन मिळेल तो तिला करायचा, ती सांगायची कोण कुठे आहे. रात्री दोनला मी एका अनोळखी घरातून फोन केला, ती म्हणाली, "मुलगा बाईंच्या घरी आहे, खिचडी खाऊन झोपलाय. आता तू जेव." सत्तावीस नावं होती त्या पानावर. सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाल्यावर तिने देवापुढे दिवा लावला, तोवर पाणीसुद्धा प्यायली नव्हती.
मावशी २०१९ला गेली. वही माझ्याकडे आहे.

चाफेकळी
@आठ बारा अंगावर काटा आला. आमचे बाबा त्या दिवशी कुर्ल्याहून चालत ठाण्याला आले होते. कढी उतरवून आले, वाचतेय अजून.

माजघर
मी जरा वेगळं लिहिते. आमच्याकडे मोठी काकू होती. तिच्या हयातीत श्रावणातल्या एका शनिवारी सगळ्यांना मुंज्या म्हणून, सवाष्ण म्हणून, काही ना काही निमित्ताने जेवायला बोलवायची. ती गेली आणि वर्षभरात शेताच्या हिश्शावरून घर फुटलं. आज चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालेलं मला तिसऱ्याकडून कळलं. तेव्हा वाटायचं काकू नुसतं जेवायला घालते. ती काय करत होती ते आता कळतंय.

लाल माती
माजघर, वाईट वाटलं. मुलीला साडी घेऊन सरळ जा तुम्ही. आमंत्रण नसलं तरी. अप्पांनी हेच सांगितलं असतं.

माजघर
जाईन म्हणते. बघू. 🙏

वळचण
@अबोली, दुधातलीच. गूळ कोमट दुधात पूर्ण विरघळवून गाळून घ्यायचा आणि त्यातच कणीक भिजवायची, पाण्याचा थेंब नाही. तुपाचं मोहन घाल. आच मंद, गुळामुळे लगेच करपते. चामट होते ती बहुतेक फार वेळ तव्यावर राहिल्यामुळे. दोन दिवस सहज टिकते, म्हणून तर आत्या प्रवासाला द्यायची.

माजघर, तुमचं वाचून उठले आणि आत्याच्या वहीतले पत्ते काढले. निम्मे लोक गेलेत, पण हुबळीच्या वहिनींना फोन केला, नऊ वर्षांनी. पहिल्यांदा त्यांनी आवाजच ओळखला नाही, मग "मिरजेच्या आत्यांची भाची" म्हटल्यावर रडायलाच लागल्या. आत्याचा शेवटचा डबा त्यांच्याकडे राहिलाय. झाकणावर तिचं नाव कोरलेला. द्यायचा राहिला तो राहिलाच, तेव्हापासून फडताळात तसाच ठेवलाय. दिवाळीनंतर घेऊन येते म्हणाल्या. मी म्हटलं मीच मिरजेला येते, फलाटावर भेटू.

पत्रमित्र
कुठला फलाट ते ठरवा, आता मिरज पुष्कळ बदललंय. आणि फोटो टाका.

अबोली
केल्या दशम्या! दोन करपल्या, बाकीच्या मऊ झाल्या. सासूबाईंनी तीन खाल्ल्या आणि त्यांच्या मामीची गोष्ट सांगत बसल्यात, दुपारी लिहिते.