आपली माणसं ग्रुप : रॅम बसत नाहीये

धाकटी मावशी: कोणी आहे का ऑनलाइन. बंड्याच्या नवीन कॉम्प्युटरचे पार्ट आलेत सगळे, सकाळपासून जमिनीवर पसारा मांडून बसलाय आणि आता ती रॅमची पट्टी बसत नाहीये, एक बाजू आत जाते दुसरी वर राहते. जोर लावू का विचारतोय, मी हात लावू नको म्हटलंय. सोनू तूच यादी दिली होतीस ना रे

भाऊमामा: रॅमला जोर लागतोच. दोन्ही अंगठे ठेवून दाबायचं, टक् आवाज आला पाहिजे. घाबरायचं नाही

सोनूदादा: थांबा थांबा दाबू नका!! मावशी पट्टीचा आणि मदरबोर्डाचा फोटो टाक

मामी: ह्यांचं ऐकून काही दाबू नका. आमच्या मिक्सरचं झाकण आठवतंय ना सगळ्यांना

मोठी मावशी: 😂😂

धाकटी मावशी: (फोटो) (फोटो)

सोनूदादा: पट्टी डीडीआर५ आहे, म्हणजे नव्या पिढीची रॅम, आणि बोर्ड बी४५०. हा बोर्ड आला कुठून? मी रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड लिहिला होता

धाकटी मावशी: ते भाऊने बदललं, बजेटमध्ये बसत नव्हतं ना

भाऊमामा: सॉकेट बघूनच बदललंय. रायझन ५ ५६०० प्रोसेसर एएम४, बी४५० पण एएम४. बसतंय की नाही? बसतंय. पैसे दुसऱ्याचे असले की महाग वस्तू लिहायला काय जातं

सोनूदादा: मामा प्रोसेसर बसतो हो, त्याबद्दल कोण बोलतंय. एएम४ च्या बोर्डाला डीडीआर४ लागते, एएम५ ला फक्त डीडीआर५. तुम्ही दोन वस्तू बदलल्या आणि तिसरी माझ्या यादीतली तशीच ठेवली. पिना दोन्हीकडे २८८च असतात पण मधली खाच वेगळ्या जागी, मुद्दाम, म्हणजे कोणी अंगठ्यांनी घालू नये

चिऊताई: बोर्डाच्या खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर आहे का? बघा जरा

भाऊमामा: मग यादीखाली एक ओळ लिहायची, बोर्ड बदलला तर रॅमपण बदला. मला काय स्वप्न पडणार होतं?

सोनूदादा: मला विचारलं कुठे कोणी. यादी टाकली, सगळ्यांनी 👍 केलं, पुढचं मला आज कळतंय

मोठी मावशी: भाऊ, पोराने स्वतःचा अभ्यास सोडून यादी केली होती, जरा नीट बोल

भाऊमामा: मी नीटच बोलतोय. शांतपणे बोलतोय

चिऊताई: खोक्यावर स्टिकर आहे का?

बंड्या: रॅम बदलून देतायत, मग ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ घेतो. अजून एक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्डाला ८ पिनची वायर लागते ती एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) नाहीचे. पण सीपीयूची (प्रोसेसरची) ४+४ आहे, ती लावू?

सोनूदादा: नाही!!! अजिबात नाही. तिच्यात प्लस आणि ग्राउंड नेमके उलटे असतात. कार्डाला ६+२ वाली लागते. हा एसएमपीएस कुठला आता?

धाकटी मावशी: भाऊच्या जुन्या कॉम्प्युटरचा

मामी: माळ्यावरचा 🤦

भाऊमामा: चालू आहे तो. ४५० वॅट लिहिलंय वरती. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ६५. बेरीज येते ना सगळ्यांना?

सोनूदादा: येते. बंड्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत बघ

बंड्या: १६

सोनूदादा: म्हणजे १९२ वॅट. बाकीचे ५ आणि ३.३ व्होल्टवर वाटलेत, जुन्या एसएमपीएसमध्ये असंच असायचं. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ वरच जगतात. आता करा बेरीज

मोठी मावशी: १९७ 😄

भाऊमामा: ५ वॅटने काय फरक पडतो

सोनूदादा: पंखे, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीयेत मामा. आणि गेम चालू झाला की ६५ चे ६५ राहत नाहीत

चिऊताई: तिसऱ्यांदा विचारतेय. खोक्यावर स्टिकर आहे का

धाकटी मावशी: अगं कसलं स्टिकर घेऊन बसलीयस

चिऊताई: बी४५० आले २०१८ ला, ५६०० आला २०२२ ला. बोर्डातला बायोस, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर प्रोसेसर सॉकेटमध्ये छान बसेल पण बोर्ड त्याला ओळखणार नाही, पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी. मग रॅम नवी, एसएमपीएस नवा आणि तुम्ही परत इथेच. आणि मॉनिटरची वायर कार्डालाच लाव रे बंड्या, बोर्डाला नको, ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, नावापुढे जी असलेल्यात असतं

बंड्या: स्टिकर नाहीये ताई. पण मागे यूएसबीजवळ छोटं बटण आहे, फ्लॅश बायोस लिहिलंय

चिऊताई: सुटलास!! त्याने प्रोसेसर-रॅम न लावतासुद्धा अपडेट होतो, फक्त एसएमपीएस जोडायचा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून ह्याच मॉडेलची फाइल घे, नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं बदल, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर. त्यावरचं सगळं पुसलं जाईल पण

धाकटी मावशी: घरात एकच पेनड्राइव्ह आहे. त्यात भाऊच्या लग्नाचा व्हिडिओ आहे

मामी: खुशाल पुसा

भाऊमामा: आधी कॉपी काढा रे. आणि एसएमपीएस मी आणतो नवीन. सोन्या नीट लिहून पाठव, अँपिअरसकट