कुठला सिनेमा बघून तुमची खरोखर तंतरली?

मोरपंखी:
भाचीला कुणीतरी आडवं केलं की डोळे मिटणारी बाहुली दिलीय. काल रात्री पाणी प्यायला उठले तर ती कपाटावर बसलेली, डोळे टक्क उघडे. मी चाळिशीला टेकलेली बाई, पाणी न पिताच परत आले! कारण अर्थातच तात्या विंचू. 'झपाटलेला' १९९३चा. सगळं थिएटर लक्ष्याला हसत होतं आणि मी आईच्या पदरात तोंड खुपसून. तो बाहुला रामदास पाध्यांनी बनवलाय, तात्या विंचू झालेत दिलीप प्रभावळकर, हे सगळं आता माहितीय. दोघंही किती सज्जन माणसं! पण रात्री अडीचला याचा काही उपयोग होत नाही. विनोदी सिनेमात घाबरलेली मी एकटीच का? लिहा तुमचे अनुभव.

उगाचच:
एकटी कसली. माझा भाऊ अजून अंधारात मागून येऊन 'तो' मंत्र म्हणतो. बँकेत मॅनेजर आहे तो.

चष्मिश:
मंत्र इथे लिहू नका कुणी प्लीज

रातकिडा:
जपानी 'रिंग', १९९८. हॉस्टेलवर सहा जण एका खोलीत बघत होतो. टीव्हीतून बाहेर येते ती. तोंड केसांनी झाकलेलं, चेहरा जवळजवळ दिसतच नाही, तरी सगळ्यांची बोबडी वळली. मला कोडं होतं की नुसत्या चालण्याला एवढं का घाबरलो. मग कळलं की त्या नटीला उलटं चालायला लावलं होतं आणि ते चित्रण उलट्या दिशेने दाखवलंय. म्हणजे पावलं पुढे पडतात पण अंगाची हालचाल पुढे चालणाऱ्या माणसाची नाही. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, काय ते सापडत नाही. तिथेच सगळी गोम आहे. त्या रात्री आम्ही टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. सकाळी तो सरळ होता. कुणी केला ते आजवर कबूल केलेलं नाही.

उगाचच:
@रातकिडा शेवटची दोन वाक्यं नसती लिहिली तर चाललं असतं

पाणकोंबडा:
'जॉज'. मी त्यामुळे पोहायला शिकलो नाही. गंमत म्हणजे त्यात मासा दिसतो किती कमी! यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गला त्याच्याशिवाय भागवावं लागलं. नुसतं पाणी आणि ते दोन सुरांचं संगीत. यंत्र धड चाललं असतं तर मी आज पोहत असतो.

चष्मिश:
पण तरणतलावात कुठून येणार शार्क??

पाणकोंबडा:
खोल टोकाला असतो.

झोपाळू:
'तुंबाड'मधली साखळीने बांधलेली आजी. बास. जास्त लिहवत नाही.

सातवी_पायरी:
'लपाछपी' (२०१७). मला सातवा महिना होता, नायिकाही गरोदर, आणि नवऱ्याने 'मराठी आहे, बघू' म्हणून लावला. तो सगळीकडे पसरलेला ऊस, वाटच सापडत नाही. पण मला ऊस नाही, ती गोड बोलून काळजी घेणारी बाई जास्त लागली. पुढचं सांगत नाही, बघायचा असेल कुणाला. कपडे वाळत घालून येते, मग लिहिते.

मोरपंखी:
नवऱ्याचं काय केलंस?

सातवी_पायरी:
आहे अजून. रिमोट माझ्याकडे असतो.

कानसेन:
भीती सगळी कानातून येते हो. 'सायको'तला न्हाणीघराचा प्रसंग आवाज बंद करून पाहा, निम्मी धार जाते. हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं, संगीतकार हरमनने तरी व्हायोलिनं रचली आणि मग त्यालाही पटलं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, कृष्णधवल असल्यामुळे खपलं. हे सगळं लोकांना सांगत असतो, पण अंघोळीला कडी दोनदा तपासतो.

झोपाळू:
पडदा होता तिथे, कडी लावून काय फायदा

कानसेन:
मनाचं समाधान!

शिंपला:
मला भुताखेतांचे सगळे चालतात. 'द फादर' चालला नाही. अँथनी हॉपकिन्सचा, २०२०चा. घर तेच, पण सामान बदलत जातं. मुलगी आत येते तर चेहराच दुसरा. आपण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातून बघतोय हे लक्षात यायला वेळ लागतो, आणि तोवर आपणही हरवलेलो असतो. बाबांनी मला 'आपण कोण?' असं विचारलं त्यानंतर आठवड्याभराने बघायला घेतला होता. अर्ध्यात बंद केला. 'आपण' म्हणाले मला. इतकं अदबीने.

सातवी_पायरी:
अगं... व्यनि (खासगी निरोप) करते तुला.

कानसेन:
माझ्या आईचं तेच चाललंय. ती मला तिचा भाऊ समजते. मीही आता मामासारखा बोलतो, खूश असते.

शिंपला:
हे करून बघते. थँक्स.

रातकिडा:
टीव्हीबद्दल आत्ता ग्रुपवर विचारलं. पाचही जण म्हणतायत, आम्ही नाही.

उगाचच:
अरे!! रात्रीचे साडेअकरा वाजलेत

चष्मिश:
मोरपंखी, बाहुलीचं काय झालं शेवटी?

मोरपंखी:
भाचीने पांघरूण घालून झोपवलीय. माझ्या शेजारी. मी हॉलमध्ये आहे.